रॅम बदलली, मग रात्रभर टेस्ट

काल ८ जीबीच्या दोन स्टिक काढून १६ जीबीच्या दोन टाकल्या, पीसी चालू झाला, ३२ जीबी दिसली, पण एवढ्यावर थांबू नका. बायोसमधे, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमधे, बघितलं तर ३२०० स्पीडची रॅम २१३३ वरच चालत होती, कारण एक्सएमपी, म्हणजे रॅमचा पूर्ण स्पीड लावणारं सेटिंग, आपण स्वतः ऑन करेपर्यंत बोर्ड साधा स्पीडच घेतो. ते ऑन केलं आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून झोपलो. सकाळी बघतो तर तिसऱ्या पासमधे (तपासणीच्या फेरीत) ४ एरर! रॅममधे एकसुद्धा एरर चालत नाही, कारण चुकीचा बिट गुपचूप फाईलमधे जाऊन बसतो आणि कित्येक महिन्यांनी जुना फोटो उघडेना झाला की मग कळतं.

मग एकेक स्टिक एकाच स्लॉटमधे लावून तपासली, दोन्ही क्लीन. म्हणजे स्टिक चांगल्या, दुसऱ्या स्लॉटमधली नीट बसलीच नव्हती. काढून परत लावली, कट् आवाज येईपर्यंत दाबली, पुन्हा ४ पास, शून्य एरर. हुश्श! आता प्राइम९५ या पीसीवर ताण देणाऱ्या प्रोग्रॅमचा ब्लेंड टेस्ट चालू आहे, तो प्रोसेसर आणि रॅम दोन्हीवर ताण देतो. उद्यापर्यंत चालू ठेवणार, तोवर बॅकअपची डिस्क जोडणार नाही.