वीस चौरस मीटर परड्यात आडसाली ऊस

परडं बारा फूट बाय अठरा फूट. म्हणजे 216 चौरस फूट, पाव गुंठ्यालाही कमी. एवढ्याशा जागेत भाजी कशी करायची असं कुणाला विचारलं की गडी वाफे, रोपं आणि ठिबक इथूनच सुरू होतो. मी मातीपासून सांगणार, कारण माझे सव्वादोन महिने मातीत गेले. मातीत कसले, मातीच्या कागदात.

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत परड्याची वरची वीतभर माती काळीभोर दिसते. ती फसवी असते. खाली पाडलेल्या भिंतींचा चुना, विटांचे तुकडे आणि नंतरच्या दुरुस्त्यांचं सिमेंट पसरलेलं असतं. मेथी छान उगवते, चार पानांवर येते आणि मग नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जुनी, खालची पानं पिवळी पडली तर नत्र कमी समजायचं. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाचं लक्षण. लोह मातीत नसतं असं नाही, चुन्यामुळं ते मुळांना घेता येत नाही. घरच्या घरी बघायचं तर चमचाभर कोरडी माती वाटीत घ्या आणि वर थोडं व्हिनेगर ओता. बुडबुडे आले तर चुना आहे. माझी वाटी सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली.

पण चुना किती आहे, हे वाटी सांगत नाही. म्हणून माती तपासणी.

नमुना नीट घेतला नाही तर पुढचं सगळं वाया. परड्यात आठ जागा धरायच्या, पण खताचा ढीग, मोरीचं पाणी जातं ती बाजू आणि भिंतीलगतचा हातभर पट्टा सोडून. प्रत्येक जागी वरचा कचरा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीस सेंटीमीटर खोल खड्डा करायचा आणि त्याच्या एका बाजूची दोन बोटं जाडीची माती वरपासून तळापर्यंत तासून घ्यायची. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गंजलेलं खुरपं नको आणि जस्ताची बादली तर नकोच, नाहीतर लोह आणि जस्त तुमच्या अवजाराचंच मोजलं जातं. लाकडी पट्टी आणि प्लास्टिकची बादली चालते. सगळी माती एकत्र करून गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. उन्हात वाळवू नका, सावलीत वाळवा. कापडी पिशवी घ्या. चिठ्ठ्या दोन, एक आत, एक बाहेर, आणि पेन्सिलीनं लिहिलेल्या, कारण पेनची शाई ओलीनं पसरते.

मी एकच दिवस वाळवली होती. माती तपासणीच्या खिडकीवरच्या साहेबांनी पिशवी दाबून बघितली आणि परत केली. "ओला हाय नमुना. वाळवून आणा." ही चूक माझी, तक्रार नाही. चार दिवसांनी परत गेलो, तेव्हा फॉर्म सुरू झाला.

"गट नंबर?"

"पेठेतलं घर आहे साहेब, सिटी सर्व्हे नंबर आहे."

"मग सातबारा?"

"सातबारा नाही. मालमत्ता पत्रक आहे."

"त्याला रकाना नाही."

फॉर्म शेतकऱ्यासाठी केलेला आहे, हे मान्य. पण गावठाणातल्या आणि शहरातल्या सिटी सर्व्हे झालेल्या जमिनीला सहसा सातबारा नसतो, मालमत्ता पत्रक असतं, हे खिडकीच्या आतल्या माणसाला सांगावं लागलं. त्या दिवशी "मोठ्या साहेबांना विचारतो" म्हणून परत पाठवलं. मोठे साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला तोड निघाली ती अशी: गट नंबरच्या रकान्यात सि. स. नं. लिहून पुढं नंबर टाकायचा आणि मालमत्ता पत्रकाची झेरॉक्स जोडायची. एवढंच. हे पहिल्याच दिवशी होण्यासारखं होतं. तुम्ही जाल तेव्हा झेरॉक्स बरोबरच न्या आणि रकाना स्वतःच्या हातानं भरून द्या. भरलेल्या रकान्यावर कुणी प्रश्न विचारत नाही, रिकाम्यावर विचारतात.

मग क्षेत्र. हेक्टरात पाहिजे. वीस चौरस मीटर म्हणजे 0.002 हेक्टर. संगणकाला दशांशानंतर दोनच आकडे चालतात, त्यामुळं तिथं 0.00 उमटायचं आणि पुढं जायचं नाही. शेवटी 0.01 टाकलं. म्हणजे कागदावर माझं परडं एक आर, जवळजवळ गुंठाभर झालं. जागा वाढवून घ्यायला याहून स्वस्त मार्ग कोल्हापुरात दुसरा नाही.

त्यानंतर पुढील पीक. मी म्हणालो, भाजीपाला. यादीत तसं नव्हतं, पीक एकच पाहिजे होतं. मागं रांग वाढत होती. साहेब म्हणाले, "राहू दे, मी टाकतो." इथंच मी चुकलो. राहू देऊ नका. वांगी म्हणा, मिरची म्हणा, यादीत असेल ते एक भाजीचं नाव सांगा, पण तो रकाना दुसऱ्याच्या हातात सोपवू नका.

पंधरा दिवसांनी या म्हणाले. पंधराव्या दिवशी गेलो, तर नमुना "आत गेलाय". बाविसाव्या दिवशी रसायन संपलेलं. फोन कुणी उचलत नाही, आणि उचलला तर "यादी बघून सांगतो" म्हणून ठेवतात. पाच आठवड्यांनी कागद हातात आला. सामू, म्हणजे पीएच, 8.3, क्षारता 0.42, सेंद्रिय कर्ब 0.31 टक्के, नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर, लोह 3.1 पीपीएम. आणि खाली शिफारस: आडसाली, म्हणजे दीडेक वर्ष शेतात राहणारा ऊस, हेक्टरी 400 किलो नत्र, 170 स्फुरद, 170 पालाश.

जिल्हा उसाचा, त्यामुळं बोट आपोआप उसावर पडलं असणार. पण हिशेब करून बघा. हेक्टरी किलोला दहानं भागलं की चौरस मीटरला ग्रॅम मिळतात, हे एकच गणित पाठ असलं तर कुठलाही कृषी कागद परड्यासाठी वाचता येतो. 400 भागिले 10 म्हणजे मीटरला 40 ग्रॅम. वीस मीटरला 800 ग्रॅम नत्र, म्हणजे पावणेदोन किलो युरिया. तो मेथीला! मेथी शेंगवर्गातली, आपलं नत्र बरंचसं स्वतःच मुळांच्या गाठींत करून घेते. कागदावर विसंबून कुणी एवढा युरिया पसरला असता तर पिवळी मेथी सरळ करपलीच असती.

खरी चीड तर पुढंच आली. ज्या एका आकड्यासाठी मी हे सगळं केलं, तो चुनखडीचा आकडा कागदावर नव्हताच. 2015 साली आलेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत घटक बारा: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. चुनखडी त्यांत नाही. ती तपासणी वेगळी मागावी लागते, तिचे पैसे वेगळे, आणि हे कुणी आपणहून सांगत नाही. परत पिशवी, परत फॉर्म. बारा दिवसांनी उत्तर आलं, नऊ टक्के.

त्या आकड्यानं मात्र एका फटक्यात निकाल लावला. वीस चौरस मीटरमध्ये वरच्या पंधरा सेंटीमीटरची माती साधारण 3900 किलो भरते. तिचे नऊ टक्के म्हणजे सुमारे 350 किलो चुना. तो विरवायला गंधक लागतं चुन्याच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढं, म्हणजे 112 किलो. घरगुती परड्यात हे कुणी करत नाही आणि करूही नये. शेजारचे म्हणाले, जिप्सम टाका. जिप्सम चोपण जमिनीला, जिथं सोडियम जास्त असतो तिथं. चुनखडीच्या मातीत ते चुना कमी करत नाही, असलेल्या कॅल्शियमवर आणखी थोडं कॅल्शियम घालतं. माती सुधारायचा विचार सोडला आणि तिच्यावर उंच वाफे बांधले.

बांधकामाचं थोडक्यात. दक्षिणेच्या सहा फुटी भिंतीलगत चार फूट सोडले. डिसेंबरात दुपारी बाराला कोल्हापूरचा सूर्य आकाशात पन्नास अंशांवरच असतो, त्यामुळं तेवढ्या भिंतीची सावली पाच फूट आत येते. जूनमध्ये सूर्य उलट थोडा उत्तरेला जातो आणि ती सावली आत येतच नाही. म्हणून जागा उन्हाळ्यात बघून वाफे आखू नका, हिवाळ्यात भिंतीजवळची टोमॅटो नुसती उंच वाढतात. त्या चार फुटांत अळू, पुदिना, ओवा आणि खताचा पिंप. पुढं तीन फुटांचा वाफा, दोन फूट वाट, उत्तरेच्या कंपाउंडला टेकून दुसरा तीन फुटांचा. दोन्हींची लांबी पंधरा फूट. उत्तरेच्या वाफ्यात मागच्या बाजूला दोडका आणि कारली तारेवर चढवली, त्यांची सावली कुणावर पडत नाही.

कडेला जांभ्याचे चिरे, नऊ इंच उंच, सिमेंट न लावता नुसते रचलेले. सिमेंट लावलं की परत चुना, शिवाय जुलैत पाणी कोंडतं. भरायला दोन्ही वाफ्यांना मिळून 67 घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासला थोडी कमी. निम्मी तांबडी माती, पाव भाग शेणखत, पाव भाग प्रेसमड, म्हणजे साखर कारखान्यात रस गाळून उरलेली मळी. शेणखत पेठेतल्या म्हशींच्या गोठ्यात मिळतं, पण वर्षभर कुजलेलं मागा, हातात घेतल्यावर शेणाचा वास येता कामा नये. प्रेसमड कारखान्यावरून ताजा आणला तर ढिगात हात घालवत नाही इतका तापतो. तीन महिने ओला ठेवून, दोनदा पालटून मगच घाला. भरलेला वाफा पहिल्या पावसात पाचवा हिस्सा खाली बसतो, त्याची माती आधीच बाजूला ठेवा.

तांबडी माती टेम्पोतून उतरवण्याआधी वाटीतलं व्हिनेगर तिच्यावरही टाकून बघा. पहिली खेप मी तशीच उतरवून घेतली असती तर परत फसफसणारा ढीग घरात आला असता. टेम्पोवाल्यानं तोंड वाकडं केलं, पण परत नेली.

निचऱ्याची परीक्षा वाफे बांधण्याआधी करायची असते, सांगायचं राहिलं. फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, परत भरा आणि तासानं मोजा. इंचाहून कमी उतरलं तर चिऱ्यांच्या तळाशी खडीचा थर आणि उताराच्या बाजूला एक फट लागते. माझ्याकडं पाऊण इंच उतरलं.

वर पाचटाचं आच्छादन तीन इंच. उन्हाळ्यात पाणी बरंच वाचतं. पण पाऊस लागला की काढून ठेवा, खाली गोगलगायी होतात. आणि घराच्या भिंतीला पाचट टेकू देऊ नका, उधई आधी पाचट खाते आणि मग चौकट.

एवढं करून लोहाचं दुखणं थोडं उरलंच, कारण मुळं वाफ्याखाली जातात. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, हेक्टरी 25 किलो सांगतात. तेच गणित लावून वीस मीटरला 50 ग्रॅम. कोरडं टाकलं तर चुना त्याला लगेच बांधून टाकतो, म्हणून दोन घमेली शेणखतात कालवून पंधरा दिवस झाकून ठेवलं आणि मग मिसळलं. घाई असेल तर लिटरला पाच ग्रॅम, त्यात अर्ध्या लिंबाचा रस, संध्याकाळी फवारा. आठवड्यात कोवळी पानं हिरवी दिसतात. जुनी पिवळी तशीच राहतात, त्यांच्याकडं बघून परत फवारू नका.

यंदा वाफ्यातल्या मातीचा नमुना परत दिला. सामू 7.2. पीक मी स्वतः लिहिलं होतं, वांगी. क्षेत्र अजून 0.01 हेक्टरच आहे.