आमची वाटचाल: खाणीच्या चूटपासून भट्टीच्या दारापर्यंत

गोव्याच्या डिचोली तालुक्यातले आमचे वर्कशॉप आधी खाणींवर चालायचे. क्रशरखालच्या चूटचे (दगड घसरत जाणाऱ्या नळीचे) लायनर, हॉपरचे तळ, स्क्रीनच्या फ्रेमी अशी कामे असत. त्या कामांत प्लेट झिजते, तापत नाही. झिजेवर जाडी हा सरळ उपाय आहे: १६ मिलिमीटर पुरत नसेल तर २५ घालायची. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा बंद पडल्या, आणि आमचे काम पिग आयर्न, रोलिंग मिल, फाउंड्री आणि काजू कारखान्यांच्या बॉयलरकडे वळले. आता भट्टीचे दार, बर्नर प्लेट, लॅडलसमोरची (वितळलेला धातू नेणाऱ्या बादलीसमोरची) आडप्लेट, गरम हवेचे डक्ट हीच आमची मुख्य कामे आहेत.

खाणीवरची जाडीची सवय भट्टीपाशी नडते. ग्राहक म्हणतो, "२५ ची प्लेट वाकली, आता ४० ची लावा." जाडी वाढवून आच पेलत नाही. प्लेट कुठल्या जातीची आहे आणि तिला फुगायला जागा किती आहे, यावर तिचे आयुष्य ठरते.

दाराची प्लेट मधोमध आगीसमोर असते आणि कडेने थंड फ्रेमला आवळलेली असते. मध्य आणि कड यांत फक्त १०० अंशांचा फरक पडला आणि फुगणे पूर्ण अडले, तर साध्या पोलादात सुमारे २४० मेगापास्कल ताण येतो. आयएस २०६२ ई२५० ची, म्हणजे साध्या स्ट्रक्चरल पोलादाच्या नेहमीच्या जातीची, ४० मिलिमीटरवरची प्लेट २३० ला कायमची दबायला लागते. म्हणजे वरून काहीही भार नसताना ती आपल्याच उष्णतेने हरते. पातळ प्लेट अशा वेळी फुगा धरून ताण सोडते. जाड प्लेट फुगा धरत नाही, मधला भाग आतल्या आत दबतो. भट्टी थंड झाली की तोच भाग ओढला जातो. असे रोज पेटवणे-विझवणे चालले की बोल्टच्या भोकातून, गॅस कटिंगच्या खाचेतून किंवा वेल्डच्या कडेतून तडा निघतो. गिऱ्हाईक म्हणते माल खराब होता. पुष्कळदा माल ठीक असतो, बांधणी चुकलेली असते.

म्हणून दार करताना आम्ही आधी फुगण्याचा हिशेब मांडतो. १,२०० मिलिमीटरची साधी प्लेट ४०० अंशांनी तापली की सहा ते साडेसहा मिलिमीटर वाढते. तीच ३१०एस ची (आच सोसणाऱ्या स्टेनलेसची) असेल आणि ८०० अंशांनी तापली तर वाढ १६ च्या आसपास जाते. एवढी जागा फ्रेममध्ये सोडावीच लागते. एकच भोक गोल ठेवायचे, बाकी सगळी लांबट, आणि लांबट भोकांची दिशा त्या गोल भोकाकडे. नट पूर्ण आवळायचे नाहीत. हाताने बसवून पाव फेरा मागे घ्यायचा आणि दुसऱ्या नटाने लॉक करायचे. आगीकडच्या कडेला दर २०० ते २५० मिलिमीटरवर १०० ते १५० मिलिमीटर लांबीची चीर घेतो आणि तिच्या टोकाला २० मिलिमीटरचे ड्रिलचे भोक पाडतो. हे भोक वगळले तर चीरच तड्याची सुरुवात होते. शक्य असेल तिथे एका अखंड प्लेटऐवजी तीन तुकडे लावतो. एक गेला तर तेवढाच बदलता येतो आणि हायड्रा क्रेन बोलवावी लागत नाही. ४० मिलिमीटरची प्लेट चौरस मीटरला ३१४ किलो भरते, तेव्हा हा विचार लहान नाही.

जातीबद्दल. साधे स्ट्रक्चरल पोलाद ३५० अंशांपर्यंत आधार, फ्रेम, आडप्लेट यांसाठी चालते. दाबाचे भांडे असेल तर एसए ५१६ ग्रेड ७० किंवा आयएस २००२ ची बॉयलर प्लेटच घ्यावी. ४२५ अंशांच्या वर वर्षानुवर्षे राहिले की साध्या पोलादातले कार्बाइड फुटून ग्राफाइट होते आणि वेल्डजवळ प्लेट ठिसूळ होते. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून हे जास्त धोक्याचे. त्यापुढे क्रोम-मॉली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद) लागते: एसए ३८७ ग्रेड ११, अधिक तापमानाला ग्रेड २२. साध्या पोलादावर ५४० च्या आसपास पपडी वेगाने सुटायला लागते. प्रत्यक्ष ज्वाळेसमोर ३१०एस. पण तिच्यातही खोट आहे. ६०० ते ९०० अंशांत दीर्घकाळ राहिलेली ३१०एस थंड झाल्यावर ठिसूळ असते. वाकलेली प्लेट घणाने सरळ करू नका, काचेसारखी तडकते. शिवाय स्टेनलेस साध्या पोलादाच्या जवळपास दीडपट फुगते, म्हणून ती साध्या फ्रेमला सलग वेल्ड करणे म्हणजे वेल्ड फाडायची तयारी. बोल्टवर बसवा.

माल बहुतेक नवी मुंबईतल्या कळंबोलीच्या पोलाद बाजारातून येतो. मिल टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या घाण्याचा नंबर) आणि प्लेटवर पंच केलेला नंबर जुळला नाही तर गाडी उतरवून घेत नाही. कापण्याआधी तो नंबर प्रत्येक तुकड्यावर पंच करतो, कारण कापल्यावर ग्रेड ११ आणि साधी प्लेट डोळ्याला सारखीच दिसते. ४० मिलिमीटरवर अल्ट्रासोनिक तपासणी करून घेतो. प्लेटच्या पोटात थर सुटलेला असेल आणि तिच्यावर उभी प्लेट जोडली, तर वेल्ड आकसताना ती जाडीतून फाटते.

वेल्डिंगमध्ये आमचा सर्वांत मोठा शत्रू गोव्याचा पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्लेट, रॉड, हवा सगळे ओले. ओलाव्यातून हायड्रोजन वेल्डमध्ये जातो, जाड प्लेट जोड झटकन थंड करते, आणि एक-दोन दिवसांनी वेल्डखाली तडा उमटतो. म्हणून तपासणी ४८ तासांनंतरच करतो. ई७०१८ रॉड ३०० ते ३५० अंशांवर दोन तास भाजायचे, मग १०० ते १२० च्या होल्डिंग ओव्हनमध्ये ठेवायचे. वेल्डरने एका वेळी डबीत दहा-पंधरा रॉड न्यावेत, उरलेले परत ओव्हनमध्ये. २५ मिलिमीटरवरच्या साध्या प्लेटला किमान ९५ अंश प्रीहीट (वेल्डआधी तापवणे), ग्रेड ११ ला १५०, ग्रेड २२ ला २००. ग्रेड ११ ला रॉड ई८०१८-बी२, ग्रेड २२ ला ई९०१८-बी३. शक्य तिथे बर्नर खालून लावतो आणि जोडापासून ७५ मिलिमीटरवर टेंपरेचर चॉकने बघतो. वरचा पृष्ठभाग तापला म्हणजे पोट तापले असे नव्हे. टाक्यालाही (तात्पुरत्या छोट्या वेल्डलाही) हेच प्रीहीट हवे. पुष्कळ तडे टाक्यातच सुरू होतात. गॅसने कापलेली कड बेवल करताना दोन-तीन मिलिमीटर ग्राइंड करून काढतो, तो थर कडक झालेला असतो.

क्रोम-मॉलीचा जोड अर्धा ठेवून घरी जायचे नाही. जायचेच असेल तर २५० ते ३०० अंशांवर दोन तास ठेवून, ब्लँकेटमध्ये गुंडाळून थंड होऊ द्यायचा.

मग स्ट्रेस रिलीव्हिंग, म्हणजे वेल्डमधला अडकलेला ताण सोडवायला पूर्ण काम तापवणे. साध्या प्लेटला ६०० ते ६२० अंश, दर २५ मिलिमीटर जाडीला एक तास. ४० मिलिमीटरला १ तास ३६ मिनिटे येतात, आम्ही पावणेदोन तास ठेवतो. ग्रेड ११ ला किमान ६५० लागतात. ४२५ अंशांच्या वर चढताना आणि उतरताना ताशी १०० च्या आतच राहतो. नियम अधिक मुभा देतो, पण ज्या कामात जाड आणि पातळ तुकडे एकत्र जोडलेले असतात तिथे घाई केली की कामच वाकडे होते. थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) कमीत कमी चार, एक सर्वांत जाड ठिकाणी. पावसात वीज जाते, म्हणून जनरेटर सुरू असल्याशिवाय तापवण्याची सायकल लावत नाही. मध्येच उतरलेल्या सायकलीत किती वेळ कुठल्या तापमानाला गेला याचा हिशेब लागत नाही, सगळे पहिल्यापासून करावे लागते.

समुद्राकाठच्या युनिटांत आणखी एक गोष्ट. स्टेनलेस डक्टवरचे ग्लासवूल खाऱ्या पावसाने भिजले आणि पृष्ठभाग ६० ते २०० अंशांत राहिला, की क्लोराइडमुळे बारीक फांद्यांसारखे तडे जातात. वरचे क्लॅडिंग (बाहेरचे पत्रे) वरून खाली पाणी वाहील असे एकावर एक चढवा आणि सांधे सील करा.

शटडाउनमध्ये आम्ही याच क्रमाने बघतो: सरळपट्टी लावून प्लेटचा बाक, चिरांच्या टोकाची भोके डाय पेनिट्रंटने (तडा दाखवणाऱ्या रंगाने), पपडी काढून उरलेली जाडी, आणि लांबट भोके. भोकांत स्लॅग आणि धूळ बसून ती गच्च झालेली असतात, आणि गच्च झालेले लांबट भोक हे गोल भोकच. छिन्नीने मोकळे करून नट पुन्हा पाव फेरा मागे घेतला की दार पुढच्या पेटवणीला तयार.