नवतप्यातला (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला) फेस: नळावरच्या संत्रा-आलं सोड्याची नोंद

मार्चमध्ये नळ उघडला की ग्लास कडेकडेने शांत भरायचा आणि वर बोटभर फेस यायचा. मे लागला आणि पहिल्या ग्लासात पाऊण ग्लास फेस, खाली दोन घोट सोडा. केग (सोडा दाबाखाली ठेवायची स्टीलची टाकी) तोच, कृती तीच, गॅसचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरला कुणी हात लावलेला नाही. बदललं फक्त ऊन. आता नळ पुन्हा ताळ्यावर आलाय, म्हणून काय काय तपासलं ते सविस्तर लिहितोय. ज्यांच्याकडे याच सेटअपवर ड्राफ्ट बिअर आहे त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, कारण गॅस दोन्हीकडे सारखाच वागतो.

सेटअप असा: जुना एकदारी फ्रिज, आत 19 लिटरचा बॉल-लॉक केग, केगमधून सोडा वर आणणारी नळी म्हणजे लाईन, ती नळाला जोडणारा दारातून आरपार गेलेला धातूचा शँक आणि बाहेर स्टीलचा नळ. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर फ्रिजच्या बाजूला. हे सगळं मागच्या गॅलरीत. तिथे ऊन थेट येत नाही, पण मे महिन्यात दुपारी हवा 42-43 अंशांवर असते.

फेस आला की बहुतेक जण आधी दाब कमी करतात. मला हा उपाय पटत नाही. 4 अंशांच्या आसपास 12 पीएसआय (दाबाचं एकक) दाबावर बिअरमध्ये साधारण अडीच व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या अडीचपट आकारमानाचा गॅस विरघळून राहतो. सोड्याला जिभेवर चावणारा गॅस हवा, म्हणजे साडेतीन व्हॉल्यूम तरी, आणि त्यासाठी त्याच तापमानाला 25 पीएसआयच्या जवळपास दाब लागतो. दाब उतरवला की विरघळलेला गॅस केगमध्ये आणि लाईनमध्येच सुटायला लागतो. दोन दिवस फेस तसाच राहतो आणि नंतर सोडा मिळमिळीत होतो. फेस कमी झाल्यासारखा वाटतो, कारण सोड्यात गॅसच उरलेला नसतो.

त्याऐवजी बुडबुडा नेमका कुठे सुटतो ते शोधायला बसलो. पारदर्शक लाईन असेल तर हे काम सोपं आहे. फ्रिजचं दार उघडून, टॉर्च धरून लाईनकडे बघायचं. केगच्या तोंडापासूनच बुडबुडे येत असतील तर डिप ट्यूबची (केगच्या तळापासून सोडा वर ओढणाऱ्या नळीची) ओ-रिंग, पॉपेट (केगच्या तोंडातली स्प्रिंगची झडप) किंवा केगच गरम, यांपैकी काहीतरी. केगकडची लाईन स्वच्छ आणि नळाकडच्या टोकाला गॅसचे कप्पे साचलेले असतील तर दोष वरच्या भागातल्या उष्णतेचा. माझ्याकडे कप्पे वरच होते. दुसरी खूण ग्लासांची. पहिला ग्लास फेसाळ आणि लगेच भरलेला दुसरा चांगला, म्हणजे नळ तापलाय. सगळेच ग्लास फेसाळ, म्हणजे गॅस जास्त झालाय, लाईन आखूड आहे किंवा कुठेतरी कचरा अडकलाय.

मग स्वयंपाकघरातला थर्मामीटर थेट ग्लासात धरला. पहिला ग्लास 15 अंश, दुसरा 6. फ्रिजचा आकडा मात्र 3 दाखवत होता, कारण त्याचा सेन्सर खाली, केगच्या बुडाशी. लाईनचं वेटोळं वर दाराला टांगलेलं, तिथली हवा 10-11 अंश. शँक तर सरळ बाहेरची उष्णता आत ओढणारी सळई. खाली थंड असलेला सोडा वर चढताना तापतो, त्याची गॅस धरून ठेवायची ताकद कमी होते आणि नळ उघडायच्या आधीच गॅस मोकळा होतो.

उपाय तीन केले. वेटोळं काढून केगच्या बुडाशी ठेवलं आणि नळापर्यंतचा तुकडा शक्य तितका लहान केला. कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा छोटा पंखा आत बसवला. तो खालची थंड हवा एका जाड नळकांड्यातून थेट शँकच्या मागच्या नटवर सोडतो. फरक त्याच संध्याकाळी दिसला. माझ्या मते पैसे खर्च करायचेच असतील तर महागड्या नळाआधी हा पंखा घ्यावा.

तिसरा उपाय आपल्या हवेचा. नळाच्या दांड्याभोवती सुती कापडाची पट्टी गुंडाळून ती ओली ठेवायची, माठाला गुंडाळतो तशी. नागपूरचा उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो, पाणी भराभर उडतं आणि जाताना धातूची उष्णता घेऊन जातं. दुपारी हाताला चटका देणारा नळ पट्टीखाली गार लागायला लागला, मोजला तर 26 अंश. पट्टी तोटीच्या तोंडापासून लांब ठेवायची आणि रोज धुवायची, नाहीतर आंबूस वास येतो. पाऊस सुरू झाला की हवेत ओल भरते आणि हा उपाय बंद पडतो, पण तेव्हा बाहेरची हवाही तीसच्या आसपास आलेली असते.

लाईनच्या लांबीबद्दल थोडं. बिअरसाठी 4.8 मिमी आतल्या व्यासाची तीन-साडेतीन मीटर लाईन पुरते. 25 पीएसआयच्या सोड्याला तीच लाईन सहा-सात मीटर लागते, आणि तेवढं वेटोळं लहान फ्रिजमध्ये मावत नाही. मी 4 मिमी व्यासाची घेतली. व्यास थोडासा कमी झाला तरी अडथळा जवळपास दुप्पट होतो, म्हणून निम्म्या लांबीत काम झालं.

एवढं करूनही एका केगने पहिल्या ग्लासापासून शेवटच्यापर्यंत फेसच दिला, आणि बुडबुडे केगच्या तोंडाशीच दिसत होते. दाब सोडून पोस्ट (केगच्या तोंडावरची जोडणी) उघडला, पॉपेट बाहेर काढला. स्प्रिंगच्या वेढ्यात संत्र्याच्या फोडीचे दोन-तीन बारीक केशरी धागे अडकलेले. प्रत्येक धाग्याला चिकटून गॅस सुटत होता. बिअरवाल्यांना हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चुरा जो त्रास देतो तोच हा. मृग बहाराच्या (उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या) संत्र्यांचा रस मार्चमध्येच काढून फ्रीझरमध्ये ठेवलेला आहे. आता तो वितळला की दुहेरी मलमलीतून गाळतो, रात्रभर फ्रिजमध्ये निवळू देतो आणि वरचाच रस केगमध्ये घेतो. बिया आणि पांढरी साल रसात राहू नये याचीही काळजी घ्यावी, कारण आपल्या संत्र्याचा रस ठेवल्यावर कडवट होतो तो मुख्यतः त्यांच्यामुळे. आलं किसून न टाकता त्याचा गाळलेला अर्क टाकतो. आणि भरलेला केग थंडच ठेवायचा. रस आंबायला लागला तर आतला दाब आपोआप वाढतो आणि फेसाचं आणखी एक कारण तयार होतं.

सिलिंडरबद्दल सगळ्यांना कळकळीने सांगतो. कार्बन डायऑक्साइड 31 अंशांच्या वर द्रवरूपात राहतच नाही. म्हणजे आपल्या मे महिन्यात गॅलरीतल्या सिलिंडरचा मोठा काटा (आतला दाब दाखवणारा) भलताच चढतो आणि आत किती गॅस उरलाय ते त्यावरून अजिबात कळत नाही. वजनच करावं लागतं. माझ्या रेग्युलेटरचा केगकडचा दाबही दुपारी एक-दोन पीएसआयने वर सरकायचा. सिलिंडर आता घरात, कूलरच्या खोलीत, उभा आणि साखळीने बांधलेला आहे, खिडकी उघडी असते आणि गॅसची नळी भिंतीतून गॅलरीत काढली आहे. काटा स्थिर झाला.

आजची स्थिती: भर दुपारी पहिला ग्लास 8 अंश, दोन बोटं फेस. दुसऱ्यापासून बोटभर. लाईट गेली की तासाभरात पंख्याअभावी शँक पुन्हा तापतो, त्यासाठी पंख्याला इन्व्हर्टरवर घ्यायचं काम बाकी आहे. ज्यांनी 4 मिमीची लाईन 25 पीएसआयच्या वर चालवली असेल त्यांनी लांबी आणि ग्लासातलं तापमान, दोन्ही कळवा. आंबिया बहाराची (पावसाळ्यानंतर येणारी) संत्री नागपूरच्या कळमना बाजारात यायला लागली की मला 30 पीएसआयवर जाऊन बघायचंय.