आत्याची वही, पान ७: आधीची सहा पानं बाद

मंडळी, मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की आत्याच्या गाण्याच्या वहीतली पहिली सहा पानं उतरवून झाली. ती सहाही पानं बाद. शीट पुसून टाकली आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: आत्या सांगलीला गाणं शिकायची, तेव्हाची ही दोनशे पानी वही. मी हौशी पेटीवाला, पांढरी एक या पट्टीच्या पलीकडे फारसा न गेलेला. वहीतल्या बंदिशी भातखंडे पद्धतीने (गाणं कागदावर लिहायची एक पद्धत) एक्सेलमध्ये उतरवायच्या, एका ओळीत सोळा चौकटी, वर स्वर आणि खाली अक्षरं, असा बेत. क्लासमध्ये आम्ही त्याला सरळ 'नोटेशन' म्हणतो. 'स्वरलिपी' हा शब्द फक्त परीक्षेच्या पेपरात दिसतो.

पहिली सहा पानं भूप रागाची आहेत. अलंकार, सरगम, त्रितालातली मध्यलयीची एक बंदीश, मग ताना. भूपात म आणि नि नाहीत, उरलेले पाचही स्वर शुद्ध. म्हणजे कोमलाची खूण कुठेच नाही. ती एकदा जरी दिसली असती तरी पहिल्याच पानावर संशय आला असता.

तिसऱ्या पानावर 'सा ध सा रे ग' अशी जागा आहे आणि त्यातल्या ध वर टिंब. भातखंडे पद्धतीत वर टिंब म्हणजे तार, अर्थात वरचं, सप्तक, म्हणून मी मध्य सा वरून थेट तार धैवतावर उडी मारली. उजवीकडच्या पट्ट्या संपायला आल्या. आत्याचा आवाज चांगला होता हे घरात ऐकलंय, पण इतका? तरी मी तेच लिहिलं, कारण वहीत तसं होतं.

तालाचं त्याहून वाईट. ओळीखाली १, ५, + आणि १३ अशा खुणा होत्या. आकडे आत्याने मात्रा मोजायला टाकले असतील असं समजून सोडून दिले, आणि + म्हणजे घाईत सरळ काढलेला ×, अर्थात सम (तालाची पहिली मात्रा), असं धरलं. तेव्हा १, ५, १३ आहेत तर मधला ९ कुठे गेला, हे विचारायला हवं होतं. बंदीश आठ मात्रांनी सरकली. ॲपवर ठेका लावला की वजनाचं अक्षर नेमकं 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर, यायचं आणि सम मोकळी जायची. शिवाय स्वरांखाली जागोजागी ० होतं, आणि भातखंडे पद्धतीत ० म्हणजे 'खाली'. एका आवर्तनात इतक्या खाली? तेही मी गिळलं.

अडलो ते सा वर. सहाव्या पानावर एका तानेत सा च्या डोक्यावर उभी रेघ. माझ्या हिशेबाने उभी रेघ म्हणजे तीव्र, आणि ती फक्त म वर येते. सा आणि प तर अचल, कोमल-तीव्र न होणारे. गाण्याच्या बाईंना फोटो पाठवून विचारलं, "बाई, सा कधी तीव्र होतो का?"

उत्तर लगेच आलं: "अहो, ही पलुसकरांची लिपी आहे. सगळं पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं. पलुसकर ही नोटेशनची दुसरी पद्धत; तिच्यात वरचं टिंब मंद्राचं, म्हणजे खालच्या सप्तकाचं, आणि उभी रेघ तारेची. सम १, खाली +, बाकीच्या टाळ्यांना त्या-त्या मात्रेचा आकडा. स्वराखालचं ० म्हणजे अर्धी मात्रा, आडवी रेघ म्हणजे एक पूर्ण मात्रा. भातखंडे पद्धतीत मंद्राचं टिंब खाली, सम ×, खाली ०, आणि एका मात्रेत जास्त स्वर आले तर त्यांना खालून एक कमान. खुणा जवळजवळ त्याच, अर्थ वेगळे. टिंबाच्या बाबतीत तर पार उलटे!

दोघांचं नाव विष्णू, हाही एक योगायोग. भातखंडे मुंबईचे, १८६० चा जन्म, पेशाने वकील. त्यांनी घराण्यांतल्या बंदिशी गोळा करून क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत छापल्या. पलुसकर १८७२ चे, कुरुंदवाडचे. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. माझं मत विचाराल तर वाचायला भातखंडे सोपी, डोळा अडखळत नाही. पण लयीचा हिशेब पलुसकरांच्या लिपीत जास्त चोख, कारण प्रत्येक स्वराखाली त्याची मात्रा लिहिलेली असते.

हे सगळं भाचीला सांगितलं. ती बुद्धिबळ खेळते आणि तिच्याकडेही 'नोटेशन' असतं, प्रत्येक चाल कागदावर उतरवायची. इंग्रजी अक्षरांत घोडा एन, कारण के राजाने आधीच अडवलेलं. ती म्हणाली, "मामा, आमच्याकडे पण असं होतं." जुन्या इंग्रजी पुस्तकांत म्हणे एकाच घराला दोन नावं असायची, पांढऱ्याकडून मोजलं तर एक, काळ्याकडून मोजलं तर दुसरं. बरं वाटलं.

आता नवी व्यवस्था. प्रत्येक बंदिशीच्या दोन शीट: एकीत आत्याने लिहिलंय ते जसंच्या तसं, दुसरीत भातखंडे. टाइप करणाऱ्यांसाठी: मंद्राला नुक्ता चालतो (ध़), तारेला अनुस्वार (सां). कोमलाची खालची रेघ हवी तर वैदिक अनुदात्ताचं चिन्ह लावावं लागतं (ग॒), आणि ते माझ्या फोनच्या मराठी कीबोर्डवर नाही, दर वेळी कुठून तरी चिकटवावं लागतं. पलुसकरांचा कोमल मात्र साध्या हलन्तासारखा, दोन बटणांत होतो.

भूपाची दोन पानं परत उतरवून झाली. सा च्या खालीच ध वाजवला आणि ती जागा एकदम ओळखीची झाली, लहानपणी ओट्यापाशी ऐकलेली. पान ७ काफी रागाचं आहे. ग् आणि नि् पहिल्याच ओळीत आहेत.