तुम्ही विचारलेत म्हणून: त्या गाण्याला मी उठून का जातो

घरच्या कार्यात ‘चिट्ठी आई है’ लागले की मी उठून अंगणात जातो, हे तुम्ही सर्वांनी पाहिलेले आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत ते गाणारे पंकज उधास गेले, त्या आठवड्यात तर ते गाणे दिवसातून चारदा लागत होते आणि तितक्याच वेळा तुम्ही विचारलेत, की काका, रडू येते म्हणून जाता का? नाही, राग येतो म्हणून जातो. निदान आजवर मी असेच सांगत आलो.

रागाचे कारण सांगायला सोपे आहे. १९८६ च्या ‘नाम’ चित्रपटातले हे गाणे म्हणजे बापाने परदेशी गेलेल्या मुलाला धाडलेले पत्र. सात मिनिटांहून मोठ्या त्या गाण्यात गीतकार आनंद बक्षींनी मुलाला उत्तराची एक ओळही दिलेली नाही. त्याने फक्त ऐकायचे. पैशाने देश सोडवला म्हणे, आणि आपल्या घरीही भाकरी आहे म्हणे. ती असती, तर दापोलीकडचा, स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणारा माझ्यासारखा सेंटरिंगचा सुतार मस्कतला कशाला गेला असता?

इथवर मी पुष्कळदा बोललो आहे. पुढचे बोललेलो नाही.

१९८९ मध्ये माझा दोन वर्षांचा करार संपत आला होता आणि मी येतो, असे घरी कळवले होते. उत्तरादाखल अण्णांचे, म्हणजे वडिलांचे, निळे हवाईपत्र आले. अनेक उत्तम आशीर्वाद झाल्यावर दुसऱ्याच वाक्यात त्यांनी लिहिले होते, की एवढ्यात येऊ नकोस, स्लॅब व्हायचा आहे, लोखंडाचा भाव चढला आहे, आणखी एक वर्ष काढ. स्वतःच्या खोकल्याविषयी त्यात अक्षर नव्हते. त्याच शुक्रवारी कॅम्पातल्या खोलीत आम्ही अकरा जण व्हीसीआरवर ‘नाम’ पाहत होतो आणि ते पत्र माझ्या खिशात होते. गाणे सुरू झाले तशी एकेकाची मान खाली गेली. शेजारचा गाववाला माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘तुझ्या बापाचंपण पत्र आलंय ना? बोलावतायत काय?’ मी ‘होय’ म्हणालो.

त्या एका ‘होय’चा उलगडा मला अजून झालेला नाही. तेव्हा वाटले, आपण अण्णांची अब्रू राखली. चाळिशीनंतर वाटू लागले, की स्वतःचीच राखली. कारण पत्र वाचून मला वाईट वाटण्याआधी सुटल्यासारखे वाटले होते. परत यायचे माझ्याच मनात नव्हते आणि अण्णांनी तो निर्णय स्वतःच्या अंगावर घेतला होता. त्यांनी ते ओळखून तसे लिहिले, की त्यांना खरोखर स्लॅबच हवा होता? कधी एक पटते, कधी दुसरे. गाण्यातला बाप मात्र स्वच्छ सांगतो, ये म्हणून, आणि तिथे मला बसवत नाही.

सहा महिन्यांनी तार आली. मी पोहोचलो तेव्हा तेरावा होऊन गेला होता. स्लॅब झाला होता, पण खालचे टेकू अजून उभे होते. परक्यांच्या इमारतींत तेच काम करून आलेल्या हातांनी मी ते एकेक करून काढले, आणि आई उंबऱ्यात बसून मोजत राहिली, कारण टेकू भाड्याचे होते.