८ बाय ५ च्या बाथरूममध्ये टबही आणि शॉवरही: माझा अनुभव

बाथरूमची आखणी टब बघून सुरू करू नये, डक्ट (उभ्या पाइपांची बाहेरची पोकळी) बघून सुरू करावी. शोरूममध्ये टब आधी पसंत पडतो, मग तो बसवण्यासाठी कमोड हलवला जातो आणि पुढची सगळी कटकट त्या एका निर्णयातून निघते. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटचं मास्टर बाथरूम ८ बाय ५ फुटांचं, म्हणजे प्लॅस्टर ते प्लॅस्टर २४४० बाय १५२५ मिलिमीटर. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये हेच माप सर्रास दिसतं. एवढ्या जागेत कमोड, वेगळा शॉवर आणि टब बसवायचा होता, म्हणून पहिल्यांदा फक्त पाइप कुठून कुठे जातात ते कागदावर काढलं.

आमच्याकडे डक्ट लांब भिंतीच्या बाहेर, दाराकडच्या टोकाला आहे. त्यात दोन उभे पाइप आहेत: एक कमोडचा, ११० मिमीचा, आणि दुसरा सांडपाण्याचा. कमोडचा आडवा पाइप जेवढा लांब तेवढा उतार जास्त लागतो, आणि तो उतार फक्त संकन स्लॅबच्या (बाथरूमपुरत्या खाली सोडलेल्या स्लॅबच्या) खोलीतून मिळतो. जुन्या इमारतीत ती खोली ८-९ इंचच असते. कमोड समोरच्या भिंतीला नेला असता तर ११० मिमीचा पाइप, त्याचा उतार आणि वरचा कोबा यांत ती संपली असती आणि फरशी बेडरूमपेक्षा वर आली असती. म्हणून कमोड जागेवरच ठेवला. एस-ट्रॅपचं, म्हणजे जमिनीत उतरणाऱ्या कमोडच्या आउटलेटचं माप मात्र टाइल लागल्यानंतरच्या भिंतीपासून धरायचं असतं. प्लॅस्टरपासून आउटलेटच्या मध्यापर्यंत २४० मिमी असेल तर टाइल आणि अ‍ॅडहेसिव्हचे १५ मिमी गेल्यावर २२५ उरतात, म्हणजे ९ इंची कमोड बसतो. दुकानात १२ इंचीही मिळतो. तो इथे बसत नाही, टाकीला तीन इंच जागा कमी पडते.

वॉश बेसिन दाराबाहेरच्या ड्रेसिंगमध्ये काढलं. आखणीला खरा श्वास मिळाला तो यानेच. बेसिनचं सांडपाणी जमिनीपासून साधारण ५०० मिमी उंचीवर निघतं, त्यामुळे त्याला संकन लागत नाही. ४० मिमीचा पाइप भिंतीतून आत नेला आणि नाणी ट्रॅपला (फरशीतल्या जाळीखालच्या ट्रॅपला) जोडला. टब किंवा शॉवर मात्र ड्रेसिंगमध्ये सरकवण्याचा विचारही करू नये. तिथे स्लॅब सपाट आहे, खाली कुणाची तरी बेडरूम आहे. सोसायटी त्याला परवानगी नाकारते आणि ते योग्यच आहे.

आता वाटणी. टाइलनंतर लांबी उरते २४१० मिमी. दाराच्या बाजूने कमोडला ८०० मिमी (दोन्हीकडे मध्यापासून ४००, ३८० पेक्षा कमी झालं की कोपर भिंतीला लागतं), मग १० मिमीची टफन्ड काच, मग शॉवरला ८८०, आणि शेवटच्या भिंतीला आडवा टब, त्याच्या पुढच्या भिंतीसकट ७२०. बेरीज बरोबर २४१०. शॉवर आणि टब दोन्ही काचेच्या पलीकडे, एकाच ओल्या भागात. वेगळं क्युबिकल केलं असतं तर दोन काचा, दोन दारं आणि दोन्हींत अंग चोरून उभं राहणं आलं असतं. इथे ८८० बाय जवळपास १५०० ची मोकळी जागा मिळते, बादली आणि स्टूल ठेवूनही. बादलीचा नळ जमिनीपासून ४५० मिमीवर ठेवला. टब आला म्हणून आपल्या घरातली बादली जात नाही, हे आखणी करणाऱ्या आर्किटेक्टना आवर्जून सांगावं लागतं. काच डक्टच्या भिंतीपासून ८५० मिमी घेतली आणि उरलेले ६४५ मिमी येण्याजाण्यासाठी उघडे सोडले. सरकतं दार नाही, त्यामुळे चॅनेलमध्ये साबणाचा गाळ साचत नाही.

टबावरच शॉवर लावला असता तर जागा वाचली असती, पण टबाची कड जमिनीपासून जवळजवळ ५०० मिमी वर येते. रोजच्या अंघोळीला ओल्या पायाने तेवढं ओलांडणं घरातल्या ज्येष्ठांना जमणारं नाही. टब अधूनमधून, शॉवर रोज. म्हणून जागा शॉवरला आधी.

बाथरूमचं दार बाहेर उघडणारं केलं. आत उघडणारं दार कमोडला आपटतंच, शिवाय आत कुणी चक्कर येऊन पडलं तर ते उघडत नाही.

सगळ्यात नाजूक माप टबाच्या लांबीचं. ५ फुटांचा टब १५०० मिमीचा आणि प्लॅस्टरमधलं अंतर १५२५. वाटतं, बसेल. पण दोन्हीकडे टाइल लावली की उरतात १४९५, आणि टब आत जात नाही. यावर दोन मार्ग: १४०० चा टब घ्या, किंवा टब प्लॅस्टरला भिडवून आधी बसवा आणि टाइल वरून त्याच्या काठावर उतरवा. मी दुसरा घेतला, कारण त्यात पाणी काठामागे उतरायलाही वाव राहत नाही: टाइलवरून ओघळलेलं पाणी काठावर येतं आणि टबात जातं. त्यासाठी तिन्ही भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात हव्यात. कोपऱ्यात गुण्या लावून बघा, आणि अंतर जमिनीजवळ, टबाच्या उंचीला आणि खांद्याच्या उंचीला असं तीन ठिकाणी मोजा. जुन्या भिंती ओळंब्यात नसतात, १०-१५ मिमीचा फरक सहज निघतो. फरक असेल तिथे प्लॅस्टर काढून पुन्हा करून घ्यावं. टाइलच्या अ‍ॅडहेसिव्हने जाडी भरायला गवंडी तयार असतो, पण तुम्ही होऊ नका.

टब आत न्यायचा कसा, हेही आधीच मोजावं. लिफ्टमध्ये तो उभा जातो. अडीच फुटी दारातून चौकट वजा जाता साधारण ६८० मिमी मिळतात. ७०० रुंदीचा टब आडवा शिरत नाही, कुशीवर केला की त्याची ४०० च्या आसपासची खोली सहज जाते. पण कुशीवर घेऊन ड्रेसिंगमध्ये वळवायला जागा लागते, तेव्हा वॉर्डरोब त्यानंतर.

वजनाचा हिशेब लोक टबाचा करतात, भरावाचा करत नाहीत. भारतीय मानक ८७५ च्या भाग २ मध्ये घरातल्या स्नानगृहासाठी चल भार २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे सुमारे २०० किलो धरलेला आहे. अ‍ॅक्रिलिकचा टब ३० किलो, पाणी आणि माणूस मिळून पावणेदोनशे-दोनशे, खालची बैठक आणि पुढची भिंत धरून एकूण ३०० च्या घरात, आणि हे सगळं एक-सव्वा चौरस मीटरवर. आता जुना भराव बघा: ९ इंच वीटतुकड्यांचा कोबा चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या आसपास जातो. तो काढून सिपोरेक्सच्या (हलक्या काँक्रीट ब्लॉकच्या) तुकड्यांचा भराव केला की तोच आकडा दीडशेवर येतो, वरचा पातळ कोबा वेगळा. वाचलेलं वजन टबाच्या वजनाएवढं किंवा जास्तच. तरीही स्ट्रक्चरल इंजिनियरला स्लॅब आणि बीम दाखवून त्यांचं पत्र घेतलं. सोसायटीच्या एनओसीला ते लागतंच.

तोडफोडीआधी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन त्यांच्या बाथरूमच्या छताचे फोटो काढले. आधीची ओल आणि नंतरची ओल यात वाद होतो, तो टळतो.

वॉटरप्रूफिंग दोनदा. जुना कोबा स्लॅबपर्यंत काढला, पाइप स्लॅबमधून किंवा भिंतीतून जातात तिथल्या फटी आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने भरल्या, कोपऱ्यांत ५० मिमीचे वाटे (गोलाई) मारले, मग पॉलिमर-सिमेंटचे दोन हात स्लॅबवर आणि भिंतींवर फूटभर. गळती बहुतेक वेळा पाइपच्या कडेने आणि या कोपऱ्यांतून होते, सपाट भागातून क्वचित. मग पाणी भरून ७२ तास ठेवलं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करून. उन्हाळ्यात थोडं पाणी बाष्प होऊन कमी होतं, म्हणून शेजारी एक बादली भरून ठेवावी. तिची पातळी जेवढी उतरते तेवढी सूट. त्यानंतर पाइप, भराव, उताराचा कोबा आणि दुसरा थर: शॉवर-टबाच्या भागात ७ फुटांपर्यंत, बाकीकडे एक फूट. पाइप टाकताना ठेकेदाराची माणसं पहिल्या थरावर चपला घालून, पहार टेकवून काम करतात. तिथे गोणपाट अंथरून घ्या, नाहीतर चाचणीला काही अर्थ राहत नाही.

टबाचा निचरा नाणी ट्रॅपला जोडू नये. टबातलं शंभरेक लिटर पाणी ४० मिमीच्या तोंडातून तीन-चार मिनिटांत उतरतं. ते नाणी ट्रॅपमध्ये सोडलं की शॉवरच्या जाळीतून वर येतं. टबाला स्वतःचा ट्रॅप दिला आणि ५० मिमीचा पाइप थेट डक्टमधल्या सांडपाण्याच्या उभ्या पाइपला नेला. टब पायांवर १०० ते १२० मिमी उचललेला असतो, त्यामुळे हा ट्रॅप टबाखालीच मावतो, संकनची खोली खात नाही. पण तो साफ करायला पुढच्या भिंतीत झडप हवी. ३०० बाय ३०० ची टाइल चुंबकावर बसवून घेतली, ट्रॅपच्या बरोबर समोर. बऱ्याच घरांत ही झडप नसते, आणि मग पहिल्यांदा केस अडकले की भिंत फोडावी लागते.

शॉवरच्या फरशीला १:६० उतार, बाकी बाथरूमला १:८०. शॉवरची फरशी बाकीपेक्षा १२ मिमी खाली, आणि अख्खं बाथरूम ड्रेसिंगपेक्षा १५ मिमी खाली, मध्ये ग्रॅनाइटची पट्टी. शॉवरमध्ये ३०० बाय ३०० ची खरखरीत टाइल घेतली. ६०० ची टाइल जाळीकडे चारही बाजूंनी उतरवायची तर कर्णावर कापावी लागते.

गरम पाण्याचं गणित सोपं आहे. १५०० बाय ७०० च्या टबात माणूस बसल्यावर साधारण १०० लिटर पाणी लागतं, ४० अंशांचं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत टाकीचं पाणी २० अंशांवर आलं आणि गीझर ६० वर ठेवला, तर निम्मं गरम, निम्मं गार: ५० लिटर गीझरमधून. २५ लिटरच्या गीझरवर टब अर्धाच भरतो आणि उरलेला भरेपर्यंत पहिला निवतो. ५० लिटरचा गीझर २ किलोवॉटवर तापायला सव्वा तास घेतो आणि भरल्यावर ७० किलोंच्या वर जातो, म्हणून तो बेडरूमकडच्या ४ इंची भिंतीवर टांगला नाही, बाहेरच्या ६ इंची भिंतीवर टांगला. डायव्हर्टरही (गरम-गार पाणी मिसळून शॉवर किंवा नळाकडे वळवणारा, भिंतीत बसणारा व्हॉल्व्ह) त्याच भिंतीत. त्याची बॉडी ४ इंची भिंतीत घातली की पलीकडे बेडरूमच्या प्लॅस्टरला तडा दिसतो. गीझरला ४ चौरस मिमीची वायर, २० अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). गॅस गीझर बाथरूमच्या आत नकोच, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

प्रेशर आधी तपासा. टाकीच्या पाण्यापासून शॉवरपर्यंत १० मीटर खाली आलं की १ बार. तिसऱ्या मजल्यावर, वर एकच मजला आणि गच्ची असताना, पाऊण बारच्या आसपास मिळतं. मोठा रेन शॉवर त्यावर नुसता ठिबकतो. १० लिटरची बादली मिनिटाच्या आत भरली तर ६-८ इंची शॉवर चालतो. पंप लावायचा तर गार आणि गरम लाइन वेगळ्या होण्याआधी लावावा. नुसत्या गार लाइनवर लावला की मिक्सरमध्ये गार पाणी गरमला मागे ढकलतं.

टबाच्या तोटीचं तोंड काठापेक्षा निदान २ इंच वर हवं, आणि हँड शॉवरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पुण्यात दुरुस्तीसाठी बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद असतं, लाइन रिकामी होते, आणि हँड शॉवर टबात बुडालेला असेल तर साबणाचं पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं.

जकूझी (पंपाने पाण्याचे झोत सोडणारा टब) घेतली नाही. त्याच्या नळ्यांत पाणी साचून राहतं आणि पंप दुरुस्त करायला टबाच्या पुढची अख्खी भिंत उघडी लागते. खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, पण वाघोली, उंड्रीकडे टँकर-बोअरवर राहणाऱ्यांनी तर नळ्यांत बसणाऱ्या क्षाराचा विचार करून मगच घ्यावी. काचेवर पांढरे डागही त्याच पाण्याचे.

काचेचं माप टाइल आणि ग्राउट झाल्यावरच द्यावं, कारण टफन्ड काच नंतर कापता येत नाही. टबाच्या काठाला सिलिकॉन भरताना टब आधी पाण्याने भरून घ्या. भरलेला टब एक-दोन मिमी खाली बसतो. रिकाम्या टबाला सिलिकॉन भरलं तर पहिल्याच अंघोळीला ते ताणून सुटतं. भरून झाल्यावर २४ तास तसाच ठेवायचा आणि मगच पाणी सोडायचं. ते सोडताना झडप उघडी ठेवून टबाखालच्या प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघावा.