चाक जड लागतंय? आधी लिंक सोडा

बडोद्यात बचावकार्यासाठी ठेवलेल्या मोटारबोटी वर्षातले बरेच महिने ताडपत्रीखाली उभ्या असतात. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीने काळा घोडा पुलापाशी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, तेव्हा अशा बोटी किती लागतात ते शहराने पाहिलं. पावसाळ्याआधी त्यांचं इंजिन चालू करून बघतात, पण चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं बहुतेक वेळा राहून जातं. उभ्या बोटीत सगळ्यात आधी जाम होतं ते स्टिअरिंगच. मे महिन्याच्या उन्हात ग्रीसमधलं तेल निथळून जातं, मागे साबणासारखा घट्ट थर उरतो, त्यात धूळ बसते आणि पहिल्या दमट हवेत गंज धरतो.

इथे बोलतोय ते पुढे चाक, मधे एक केबल आणि मागे बोटीबाहेर टांगलेलं आउटबोर्ड इंजिन अशा साध्या रचनेबद्दल. चांदोदला नर्मदेवर सुकाणूवर चालणाऱ्या लाकडी होड्यांचं गणित वेगळं. आपल्या रचनेत चाकामागे गिअरची डबी असते, तिला हेल्म म्हणतात. ती केबलची आतली तार ढकलते-ओढते. तारेच्या मागच्या टोकाला स्टीलचा गुळगुळीत दांडा असतो. तो इंजिनच्या ब्रॅकेटमधल्या आडव्या नळीतून, म्हणजे टिल्ट ट्यूबमधून सरकतो आणि लिंक रॉडच्या, म्हणजे दांडा आणि इंजिन जोडणाऱ्या छोट्या सळईच्या मार्फत इंजिन वळवतो.

चाक जड लागलं की लोक थेट नवी केबल आणतात. माझं ठाम मत आहे की लिंक रॉड सोडल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. लिंक इंजिनपासून वेगळी करा आणि इंजिन हाताने डावी-उजवीकडे वळवा. ते जड असेल तर दोष केबलचा नाही, इंजिन ज्यावर वळतं त्या स्विव्हल ब्रॅकेटमधल्या उभ्या पिनेचा आहे. तिथल्या निप्पलमधून, म्हणजे ग्रीस भरायच्या छोट्या तोंडातून, नवं ग्रीस भरत राहा, जुनं काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत. निप्पल ग्रीस घेत नसेल तर काढून रॉकेलने साफ करा किंवा बदला. छोट्या इंजिनांवर स्टिअरिंगचा घट्टपणा ठरवणारा स्क्रू किंवा खटका असतो, तो चाकाऐवजी इंजिनच्याच हँडलने बोट चालवणाऱ्यांसाठी. चाक जोडलेल्या बोटीत तो सैल हवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

इंजिन मोकळं आहे, पण लिंक काढूनही चाक जडच, तर टिल्ट ट्यूबच्या तोंडावरचा मोठा नट सोडून दांडा नळीबाहेर ओढा आणि पुन्हा चाक फिरवा. आता हलकं झालं तर नळीत गंज आहे. अजूनही जड असेल तर केबल हेल्मपासून सोडा. नुसती हेल्म सहज फिरली की केबल गेली, हे नक्की.

नळी साफ करायला घाई चालत नाही. तिचा आतला व्यास साधारण १६ मि.मी. असतो. त्याच मापाचा गोल तारेचा ब्रश ड्रिलला लावून, रॉकेल सोडत दोन्ही तोंडांकडून फिरवा. शेवटी १२ मि.मी. च्या लाकडी काठीला चीर पाडून त्यात बारीक पॉलिश पेपर अडकवा आणि हाताने घासा. कोरडं फडकं आरपार ओढल्यावर ते तांबूस निघालं तर परत घासायचं. दांड्यावर मात्र पॉलिश पेपर जपून वापरा. वरचे डाग निघाले तर ठीक, पण नखाला खड्डे लागत असतील तर केबल बदला, कारण ते खड्डे नळी पुन्हा खरवडतात. दांडा नळीत अडकून बसला असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर थांबा आणि मग लाकडी ठोकळा मधे धरून ठोका. पेट्रोलची नळी आणि टाकी जवळ असताना गॅसच्या टॉर्चने तापवू नका. हा स्प्रे गंज सोडवण्यापुरताच. तो ग्रीसची जागा घेत नाही, उलट उरलंसुरलं ग्रीस धुऊन टाकतो.

जोडताना दांड्यावर पाण्यात न विरघळणाऱ्या मरीन ग्रीसचा पातळ थर द्या. नळीला निप्पल असेल तर ग्रीस गन लावण्याआधी चाक फिरवून दांडा पूर्ण आत घ्या. दांडा बाहेर असताना ग्रीस दाबलं तर ते मागे कोंडतं, त्याला जायला वाट राहत नाही आणि स्टिअरिंग जागच्या जागी अडकतं. नळीच्या तोंडाशी ताजं ग्रीस दिसलं की थांबा. दर १०० तासांनी किंवा ६ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, हे करावं. बोट उभी ठेवतानाही दांडा आतच ठेवा, म्हणजे त्यावर धूळ बसत नाही.

केबलच्या आत तेल सोडायचा प्रयत्न करू नका. ती कारखान्यातून बंद होऊन येते. बाहेरचं प्लास्टिक फुगलं, चिरलं किंवा आतून गंजाचं पाणी आलं की तिचं आयुष्य संपलं. नवी घेताना जुनीवर छापलेला नंबर बघा, अनेक केबलींत शेवटचे दोन आकडे म्हणजे फुटांतली लांबी. वळणाची त्रिज्या ८ इंचांपेक्षा कमी नको, आणि काटकोनी वळणं जितकी कमी तितकं चाक हलकं. बसवल्यावर इंजिन पूर्ण वर उचलून दोन्हीकडे वळवा. केबल चेमटते की काय ते त्याच स्थितीत कळतं.

चाकात प्ले, म्हणजे ढिलेपणा आला असेल तर एकाने इंजिन घट्ट धरावं आणि दुसऱ्याने चाक हळू हलवावं. हालचाल कुठे हरवते ते लिंकचा बोल्ट, दांड्याचं भोक, हेल्मचं बूड या क्रमाने बघा. लिंकवर नायलॉनचे लॉकनट असतात. ते हाताने फिरू लागले की फेकून द्या, साधा नट लावू नका. दांड्याच्या टोकावरचा नट पूर्ण बसवून पाव फेरा मागे घ्यायचा असतो, नाहीतर सांधा वळत नाही.

सरळ जाताना बोट एका बाजूला ओढत असेल तर तो बहुधा इंजिनच्या पाण्यातल्या पंख्याच्या फिरण्याचा जोर. पंख्याच्या वर इंजिनच्या आडव्या पट्टीखाली छोटा ट्रिम टॅब, म्हणजे वळवता येणारा पंखासारखा तुकडा असतो. बोट उजवीकडे ओढते तर त्याची मागची कडा थोडी उजवीकडे, डावीकडे ओढते तर डावीकडे. एकावेळी किंचितच हलवा आणि पाण्यावर तपासा. हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर चाक स्पंजी लागणं म्हणजे पाइपात हवा. तेल भरून हवा काढावी आणि गळणारा सांधा शोधावा.

पाण्यात लिंक तुटली तर इंजिन एका बाजूला झटकन वळतं, बोट गरागरा फिरते आणि माणसं बाहेर फेकली जातात. म्हणून किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली हवीच. पुरात विश्वामित्रीच्या मगरी गल्ल्यांपर्यंत येतात, तेव्हा इंजिन सरळ करायला कोणीही पाण्यात उतरायचं नाही. आधी इंजिन बंद करा, आतून दोरीने ते मध्यावर घट्ट बांधा, मग अगदी कमी वेगात चालवा आणि मागे बसलेल्याने वल्ह्याने दिशा द्यावी. त्यासाठी बोटीत कायम एक लांब वल्हं, ५ मीटर दोरी, दोन लॉकनट आणि त्यांच्या मापाचा पाना ठेवा.